आधाराचें माप आणि घराचें भाडें

एखाद्या गरजू माणसाला डोक्यावरील छपरासाठीं सरकारी तिजोरींतून कांहीं पैसे मिळाले, आणि ते त्याच्या हातीं पडून दुसऱ्याच दिवशीं घरमालकाच्या हातीं गेले, तर तें साहाय्य कोणाला झालें असें म्हणावें? प्रश्न पोरकट वाटण्याजोगा आहे. भाडेकरूलाच झालें, असें उत्तर कोणीहि देईल. कारण पैसे वाण्याकडे गेले म्हणून धान्य वाण्यानें खाल्लें असें आपण म्हणत नाहीं. परंतु साहाय्याची रक्कम हातीं आली आणि त्याबरोबर भाडेंहि वाढलें. खोली तीच, खिडकी तीच, भिंतीची ओलहि तीच राहिली. तर मग त्या साहाय्यानें कोणाचें पोट भरलें? हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे अशा समजुतीनें मीं तो अनेक वर्षें पंडितांवर सोंपविला होता. तो नीतीचाहि आहे, ही गोष्ट मला माझ्याच घरांत, आणि तीहि माझ्याच हातून कळली. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ज्या आधारावर माझें स्वतःचें आयुष्य गेलें त्याविषयीं चार शब्द सांगितले पाहिजेत. मी तीस वर्षांहून अधिक काळ केंद्र सरकारच्या एका कचेरींत नोकरी केली. सरकार आपल्या नोकरांना घरभाडें-भत्ता देतें, तो शहरांचे तीन वर्ग पाडून. पुणें पुष्कळ वर्षें दुसऱ्या वर्गांत होतें, आणि ही गोष्ट आम्हां पुणेकर नोकरांना फार सलत असे. २०११ च्या जनगणनेवरून हे वर्ग पुन्हां ठरले, व २०१५ च्या जुलैंत निघालेल्या हुकुमानें पुणें आणि अहमदाबाद हीं दोन शहरें पहिल्या वर्गांत चढलीं. १ एप्रिल २०१५ पासून आमचा भत्ता पगाराच्या २० टक्क्यांवरून ३० टक्के झाला. त्या दिवशीं कचेरींत पेढे वांटले गेले, आणि वांटणाऱ्यांत मी होतों.

या भत्त्याचे दोन विशेष ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. एक असा कीं, नोकर प्रत्यक्ष किती भाडें देतो याची पावती त्याला दाखवावी लागत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तो स्वतःच्या घरांत राहत असला तरीहि भत्ता त्याला मिळतो. नारायण पेठेंतील वडिलार्जित घरांत जन्मलेला व वाढलेला मी, एका पैचेंहि भाडें कधीं न देतां, घरभाडें-भत्ता अखेरपर्यंत घेत आलों. हें सर्वस्वी कायदेशीर होतें. दुसरा विशेष असा कीं, हा भत्ता पगाराशीं बांधलेला असल्यामुळें तो आपोआप वाढतो. सातव्या वेतन आयोगानंतर, १ जुलै २०१७ पासून, तिन्ही वर्गांचे दर २४, १६ व ८ टक्के असे झाले. परंतु महागाई-भत्ता २५ टक्क्यांच्या पलीकडे गेला कीं ते दर २७, १८ व ९ व्हावे, आणि ५० टक्क्यांस पोंचला कीं ३०, २० व १० व्हावे, अशी तरतूद त्यांतच करून ठेवलेली होती. आणि २०२१ व २०२४ या सालीं ते तसे झालेहि. शिवाय पहिल्या वर्गाच्या शहरांत हा भत्ता महिना ५,४०० रुपयांहून कमी असूं नये, असाहि निर्बंध होता. ज्यानें हा नियम लिहिला त्याला महागाई म्हणजे काय हें ठाऊक होतें, आणि ती नोकराच्या दाराशीं येण्यापूर्वींच तिची वाट अडविण्याची बुद्धि त्याला होती, यांत संशय नाहीं.

आतां दुसरा आधार पाहूं. खेड्यापाड्यांतून शिकण्यासाठीं शहरांत आलेल्या आदिवासी मुलामुलींपैकीं ज्यांना सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांच्यासाठीं महाराष्ट्र सरकारनें २०१६-१७ च्या सुमारास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना सुरू केली. अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना त्याच सुमारास निघाली. कल्पना स्तुत्य होती. सरकारला जर खोली देतां येत नाहीं, तर निदान खोली घेण्यापुरते पैसे तरी त्यानें द्यावे. मुंबई, पुणें, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठीं दर ठरला तो वर्षाला ६०,००० रुपये. त्यांत जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि इतर खर्चाचे ८,०००. राहण्याच्या वीस हजारांस बारांनीं भागिलें म्हणजे महिन्याला १,६६६ रुपये व कांहीं पैसे येतात. ही रक्कम मिळण्यासाठीं जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, महाविद्यालयाचा दाखला लागतो, आणि आपण भाड्यानें राहतों याचा पुरावाहि लागतो.

दोन आधार मीं शेजारीं शेजारीं मांडले आहेत, ते वाचकांनीं क्षणभर तसेच राहूं द्यावे. सरकारी नोकरांतील अगदीं तळच्या नोकराला पुण्यांत केवळ घरासाठीं वर्षाकाठीं ६४,८०० रुपयांहून कमी मिळूं नयेत, असें एका नियमानें ठरविलें. नंदुरबारच्या डोंगरांतून आलेल्या मुलाला घर, जेवण, वह्या-पुस्तकें आणि गांवीं जाण्यायेण्याचें भाडें या सर्वांसाठीं मिळून ६०,००० रुपये पुरेत, असें दुसऱ्या नियमानें ठरविलें. नोकराला कुटुंब असतें, विद्यार्थी एकटा असतो, हा भेद मला मान्य आहे. परंतु पावती न मागतां पहिल्याला द्यावें आणि पुराव्यावांचून दुसऱ्याला देऊं नये, हा भेद कुटुंबाचा नव्हे. तो विश्वासाचा आहे.

असो. आतां माझ्या घरीं काय घडलें तें सांगतों. निवृत्त झाल्यावर घरांतील माडीवरची एक खोली मीं दोन विद्यार्थ्यांना भाड्यानें देऊं लागलों. आमच्या पेठांत ही रीत जुनी आहे. हल्लीं तिला 'कॉट बेसिस' म्हणतात, म्हणजे खोली नव्हे, खाट भाड्यानें घ्यावयाची. एका खाटेचे मी २,००० रुपये घेत असें. शेजारचे लोक जास्त घेत, आणि मी कमी घेतों याचा मला किंचित् अभिमानहि होता. २०१८ सालीं नंदुरबारकडचा एक मुलगा एका खाटेवर आला. अबोल, नीटनेटका; भाडें महिन्याच्या पांच तारखेच्या आंत आणून देणारा. दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं, २०१९ च्या जूनमध्यें, तो एक कागद घेऊन खालीं आला. "काका, यावर तुमची सही पाहिजे," तो म्हणाला. आपण भाड्यानें राहतों याचा तो पुरावा होता. हें कशाला, असें मीं सहज विचारलें, आणि त्यानें निष्कपटपणें सर्व योजना मला समजावून सांगितली. मीं आनंदानें सही केली. सरकारनें चांगलें काम केलें, असें मीं त्याला म्हटल्याचेंहि मला स्मरतें.

जुलैपासून मीं खाटेचे २,५०० रुपये केले.

त्या वेळीं माझ्या मनांत काय चाललें होतें, हें मी प्रामाणिकपणें आठवून पाहिलें आहे. लोभ असा शब्द मनांत मुळींच आला नाहीं. घरपट्टी वाढली आहे, नळाची दुरुस्ती झाली आहे, शेजारीं तीन हजारांचा भाव आहे, अशीं तीन कारणें मनांत आलीं, आणि तिन्ही खरीं होतीं. परंतु तीं तिन्ही मे महिन्यांतहि खरीं होतीं, आणि मे महिन्यांत मीं भाडें वाढविलें नव्हतें. मुलानें कांहींच तक्रार केली नाहीं. "बरं काका," एवढेंच म्हणाला. पुढें २०२० च्या फेब्रुवारींत, आमच्या गल्लींत डबे पोंचविणाऱ्या बाई एकदां ओट्यावर टेकल्या असतां मला म्हणाल्या, "काका, तुमच्या वरचा तो अबोल मुलगा बरा आहे ना? दिवाळीच्या आधींपासून त्यानं रात्रीचा डबा बंद केलाय." मीं त्यांना उत्तर दिलें नाहीं. हिशेब मला तेथल्या तेथें समजला. भत्त्याचा हप्ता अद्याप आला नव्हता. भाडें मात्र दर महिन्याच्या पांच तारखेस येत होतें. राहण्यासाठीं १,६६६ आणि भाडें २,५००. मधली तूट जेवणांतून भरली जात होती. सरकारनें अन्नासाठीं म्हणून जें नेमलें होतें, आणि जें अजून पोंचलेंहि नव्हतें, तें मी भाडें म्हणून अगोदरच घेऊन बसलों होतों.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मीं केलें तें अनीतीचें होतें काय?

सुशिक्षित मनुष्याचें पहिलें उत्तर असें कीं, येथें नीतीचा संबंधच नाहीं. हा बाजाराचा नियम आहे. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८१७ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, जमिनीचा खंड हें धान्याच्या महागाईचें कारण नसून कार्य होय. जमीन मर्यादित आहे, मागणी वाढली कीं खंड वाढतो, आणि खंड घेणाऱ्यानें त्यासाठीं बोटहि उचललेलें नसतें. हाच न्याय पेठेंतील खोलीस लावला म्हणजे मालक बिचारा निर्दोष ठरतो: पाण्याची पातळी चढली, नाव वर आली, नावेचा त्यांत काय अपराध? या मताला आधुनिक आधारहि आहे. फ्रान्सनें घरभाड्याच्या साहाय्याची योजना १९९० नंतर लवकरच कमी उत्पन्नाच्या अधिक कुटुंबांना खुली केली. गाब्रिएल फाक या विदुषीनें तिचा अभ्यास करून २००६ सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, वाढीव साहाय्याच्या प्रत्येक यूरोमागें सुमारें ७८ सेंट भाड्याच्या वाढींत गेले. शंभरांतील अठ्ठ्याहत्तर! साहाय्य ज्याच्यासाठीं निघालें त्याच्या पदरांत बाविसांहून जास्त उरलें नाहीं.

परंतु याच्या उलट पुरावाहि आहे, आणि तो माझ्यासारख्यांना अधिक अडचणींत टाकणारा आहे. अमेरिकेच्या सरकारनें १९७० नंतरच्या दशकांत ग्रीन बे व साउथ बेंड या दोन शहरांच्या परिसरांत गरजू कुटुंबांना घरभाड्यासाठीं रोख साहाय्य देण्याचा मोठा प्रयोग केला. त्याचा एक हेतूच असा होता कीं, अशा साहाय्यानें भाडीं किती भडकतात तें पाहावें. साउथ बेंडांत रिकामीं घरें पुष्कळ होतीं, ग्रीन बे येथें तितकीं नव्हतीं. तरीहि दोन्ही ठिकाणीं भाडीं म्हणण्यासारखीं वाढलीं नाहींत. म्हणजे साहाय्य वाढलें कीं भाडें वाढणारच, हा कांहीं गुरुत्वाकर्षणासारखा सृष्टिनियम नव्हे. घरें किती आहेत, नवीं किती बांधतां येतात, साहाय्य किती लोकांना मिळतें, मालक व भाडेकरू यांच्यांत काय संबंध आहे, अशा अनेक गोष्टींवर तें अवलंबून असतें. आणि जें अवलंबून असतें त्यांत कोणाची तरी इच्छा असते. जेथें इच्छा आहे तेथें नीतीला मज्जाव करतां येत नाहीं.

कोणी म्हणेल कीं, मग काय, मालकानें धर्मशाळा घालावी? शेजारीं तीन हजारांचा भाव असतां अडीच हजार घेणारा मनुष्य दोषी, आणि तीन हजार घेणारे मात्र निर्दोष? हा आक्षेप मला बरेच दिवस बिनतोड वाटला. त्याचें उत्तर मला सांपडलें तें असें. भाव वाढविणें आणि माणूस पाहून भाव वाढविणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या मालकाला खोलींत कोण येणार हें ठाऊक नव्हतें. त्यानें आपला आंकडा दारावर लावला व जो येईल त्याला तो सांगितला. तो आंकडा कठोर असेल, परंतु त्यांत विश्वासघात नव्हता. मला मात्र त्या मुलाच्या खिशांत काय येणार आहे तें ठाऊक झालें होतें. आणि तें मला बाजारानें सांगितलें नव्हतें, त्या मुलानें सांगितलें होतें. कशासाठीं? तर त्याच्या आधाराच्या कागदावर माझी सही लागत होती म्हणून. त्या घटकेपुरता मी त्याचा विक्रेता नव्हतों, साक्षीदार होतों. साक्षीदार म्हणून जें कळलें तें मीं विक्रेता म्हणून वापरलें. वैद्यानें रोग्याची नाडी पाहतांना त्याच्या कमरेच्या कशाचें वजन करावें, तसें हें झालें. माझ्या चुकीचें बीज पांचशें रुपयांत नाहीं. त्या दोन भूमिका मीं एकांत एक मिसळल्या, यांत आहे.

येथें आणखी एक गोष्ट न्यायासाठीं सांगितली पाहिजे, नाहींतर सगळे मालक दुष्ट व सगळे भाडेकरू साधु असा ग्रह होईल. पुण्याच्या जुन्या वाड्यांतून उलट अन्यायहि पुष्कळ झालेला आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० चें भाडें हेंच प्रमाण मानलें. युद्धकालांतील टंचाईंत भाडेकरूंचें रक्षण करणें अवश्य होतें, आणि त्या कायद्यानें हजारों गरीब कुटुंबांचीं बिऱ्हाडें वांचविलीं, यांत शंका नाहीं. परंतु टंचाईचा उपाय म्हणून जो आंकडा बांधला तो पुढें पन्नास वर्षें तसाच राहिला. भाड्याच्या पैशांत कौलें फिरविणेंहि होईना. तुळया कुजल्या, भिंती पोटांतून फुगल्या, आणि मालक व बिऱ्हाडकरू दोघेहि एकाच ढासळत्या वाड्यांत एकमेकांकडे पाठ करून राहूं लागले. अखेर १९९७ च्या डिसेंबरांत, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मुळांत वाजवी असलेला हा निर्बंध काळ लोटल्यामुळें अवाजवी झाला आहे. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० रोजीं अंमलांत आला, व त्यानें भाड्याला वर्षाकाठीं चार टक्क्यांची वाढ मंजूर केली.

या इतिहासांतून जो बोध निघतो तो दोन्ही बाजूंस लागू पडतो. गोठविलेलें भाडें हा मालकावरील अन्याय, आणि गोठविलेला भत्ता हा भाडेकरूवरील अन्याय. परंतु दोहोंचें मूळ एकच. आंकडा ठरविला, आणि ठरविणारा निघून गेला. जो आंकडा ठरल्या दिवशीं न्यायाचा असतो तो कांहीं वर्षांनीं, कोणीहि कांहीं न करतां, अन्यायाचा होतो. आणि असा अन्याय करणाऱ्याला आपण कांहीं केलें असें वाटतच नाहीं, हा त्यांतला विशेष धोका. ब्रिटनमध्यें खासगी घरांतील गरीब भाडेकरूंना जें साहाय्य मिळतें त्याची कमाल मर्यादा २०११ पासून त्या त्या भागांतील भाड्यांच्या खालच्या तीस टक्क्यांच्या रेषेवर ठरविण्यांत आली. म्हणजे दहांतून तीन घरें तरी त्या रकमेंत परवडावीं. माप बरें होतें. निदान त्याला डोळे होते. परंतु २०१६ पासून चार वर्षें तें माप गोठविलें, २०२० त पुन्हां भाड्यांशीं जुळविलें, आणि लगेच पुन्हां गोठविलें तें २०२४ च्या एप्रिलपर्यंत. मधल्या काळांत भाडीं थांबलीं नव्हतीं. कागदावर तीसचा आंकडा तसाच राहिला, पण प्रत्यक्षांत त्या रकमेंत बसणारीं घरें दहांत तीन उरलीं नाहींत.

मग एक आधार महागाईबरोबर आपोआप चढतो आणि दुसरा जागच्या जागीं उभा राहतो, असें कां? माझ्या कचेरींतील अनुभवावरून मला याचें उत्तर देतां येतें, आणि तें फारसें भूषणावह नाहीं. आम्हां नोकरांच्या संघटना होत्या, निवेदनें होतीं, वेतन आयोगापुढें बोलणारे वकील होते. मुख्य म्हणजे तीस वर्षें एका खुर्चीवर बसून एकच मागणी करण्याइतकें आम्हांला आयुष्य होतें. विद्यार्थी तीन वर्षें राहतो व जातो. पहिलें वर्ष योजना समजण्यांत जातें, दुसरें दाखले जमविण्यांत, तिसरें हप्त्याची वाट पाहण्यांत. दर अपुरा आहे हें त्याला पक्कें कळतें तेव्हां त्याची पदवी झालेली असते, आणि त्याच्या जागीं दुसरा आलेला असतो. ज्याला ओरडण्यास सवड आहे त्याचें माप भरून मिळतें. ज्याला नाहीं त्याचें माप एकदांच भरलें जातें. न्याय हा गरजेच्या मानानें असावा, परंतु व्यवहारांत तो सवडीच्या मानानें होतो.

यावर पुष्कळांचें म्हणणें असें कीं, रोख पैसे देणेंच चूक. वसतिगृहें बांधावीं, म्हणजे मालकाचा प्रश्नच उरत नाहीं. या म्हणण्यांत तथ्य आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापुरास १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करविलें, व पुढें अनेक जातिधर्मांच्या मुलांसाठीं वसतिगृहें निघालीं. त्यांनीं मुलांना भाड्याचे पैसे दिले नाहींत, छप्पर दिलें; आणि त्यांतून एक पिढी उभी राहिली. जेथें खोल्याच थोड्या आहेत तेथें नुसते पैसे वांटणें म्हणजे एका खाटेसाठीं दोघांच्या हातीं मोठी थैली देणें होय. खाटा दोन होत नाहींत, लिलाव मात्र चढतो. म्हणून वसतिगृह हें भत्त्याला पर्याय नव्हे, तर भत्त्याचा जामीन आहे. सरकारी खोली उपलब्ध असेल तरच खासगी मालकाला आपला आंकडा दोनदां तपासून पाहावा लागतो.

तरीहि रोख साहाय्याला कमी लेखण्यास माझें मन घेत नाहीं, आणि याचें कारण पुण्याच्या इतिहासांतच आहे. या शहरांत एके काळीं गरीब विद्यार्थी वार लावून शिकत; सोमवारीं एकाकडे, मंगळवारीं दुसऱ्याकडे जेवत. त्या पद्धतीचें कौतुक मीं लहानपणीं पुष्कळ ऐकलें आहे, व त्यांत कौतुकास्पद होतेंहि. परंतु वार लावणाऱ्या मुलाला यजमानाची मर्जी सांभाळावी लागे, आणि ज्या जातींना त्या ओसरीवर पायच ठेवतां येत नसे त्यांच्या मुलांसाठीं आठवड्यांत एकहि वार नव्हता. हातांत आपला पैसा असलेला भाडेकरू कोणाच्या उपकाराखालीं नसतो. तो मालकाकडे डोळे वर करून पाहूं शकतो. आजहि आमच्या पेठांत खोली विचारावयास आलेल्याला आधीं आडनांव विचारलें जातें, आणि पैसे असूनहि कित्येकांना दारांतूनच परत जावें लागतें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु पैसे नसते तर त्या दारापर्यंतहि त्यांची वाट पोंचली नसती. म्हणून आधार रोखीचा असावा. पण त्याचें माप जिवंत असावें, तो वेळेवर यावा, आणि त्याच्या पाठीशीं पुरेशा खोल्या असाव्या. या तीनांतील एक जरी नसलें, तरी आधाराच्या नांवाखालीं आपण एका मुलाला आणि एका मालकाला एकमेकांसमोर उभे करतों, आणि त्यांपैकीं दुबळा कोण तें पाहावयासहि थांबत नाहीं.

हें सर्व सरकारनें करावयाचें. आणि मालकानें? मालकानें धर्मशाळा घालावी असें मी म्हणत नाहीं. मला स्वतःला तें जमलें नाहीं, दुसऱ्यास काय सांगूं? परंतु एवढें प्रत्येकाला जमण्यासारखें आहे: भाडें खोलीचें घ्यावें, भाडेकरूच्या खिशाचें घेऊं नये. भाव जाहीर असावा, आणि समोरच्याच्या अडचणीची अथवा आधाराची बातमी कानीं आल्यावर तो बदलूं नये. हा नियम लहान आहे. तो पाळल्यानें पुण्यांतील भाडीं उतरणार नाहींत. परंतु ज्या विश्वासावर एक मनुष्य दुसऱ्यापुढें सहीसाठीं कागद ठेवतो, तो विश्वास निदान महाग होणार नाहीं.

शेवटचें सांगून लेख पुरा करतों. डबेवाल्या बाईंचें बोलणें ऐकल्यावरहि मीं लगेच कांहीं केलें नाहीं. पुढच्या महिन्यापासून करूं, असें म्हणत फेब्रुवारी गेला. मार्चचे अडीच हजारहि मीं घेतले. त्याच महिन्यांत टाळेबंदी आली, आणि ती लागण्यापूर्वीं एके रात्रीं तो मुलगा पिशवी घेऊन गांवीं गेला. तो पुन्हां त्या खोलींत आला नाहीं. मे महिन्यांत मीं त्याची अनामत रक्कम त्याच्या खात्यावर पाठविली, व तींत नऊ महिन्यांचे वाढीव ४,५०० रुपये मिळविले. दोन दिवसांनीं त्याचा फोन आला. "काका," तो म्हणाला, "चुकून जास्त आलेत. परत पाठवूं कां?"

चुकून नाहींत, असें मीं म्हटलें. त्याच्या पुढचें वाक्य मला तेव्हां सुचलें नाहीं. हा लेख म्हणजे तें वाक्य होय. परंतु तो ज्याच्यासाठीं आहे त्याच्या हातीं हें मासिक पडेल असें मला वाटत नाहीं.